नावाचा आहेर

मार्चअखेरची दुपार. नागपुरातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात डबे उघडले होते, आणि लोणच्याची बाटली पुढे सरकवता सरकवता शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "मग रंजीता मॅडम, यंदा उन्हाळ्यात गावाला जाणार ना?" रंजीतानं सवयीनं तोंड उघडलं, 'हो तर, चिमूरला' असं म्हणायला, आणि ते उघडंच राहिलं. वीस-बावीस वर्षं दर उन्हाळ्यात हाच प्रश्न आला होता आणि हेच उत्तर गेलं होतं. यंदा प्रश्न वेळेवर आला, उत्तराचा मात्र पत्ता नव्हता. मोठ्याई, म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण, जाऊन तीन आठवडे झाले होते. रंजीता मयतीला जाऊन आली होती, तिथं पोटभर रडली होती, तेरवीला परीक्षा आडव्या आल्या म्हणून मनातल्या मनात खजीलही झाली होती. दुःखाची सगळी कामं तिनं आपल्या स्वभावाप्रमाणे नीट उरकली होती. पण मोठ्याईबरोबर गावही गेलं, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं; ते आत्ता, लोणच्याच्या फोडीवर बोट ठेवलेलं असताना आलं. आई-वडील केव्हाच गेलेले, भाऊ-बहीण नाही, लग्न केलेलं नाही. कुणीतरी वाट पाहतं म्हणून सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला गाव असतं, आणि वाट पाहणारं माणूस गेलं की ते नुसतं एसटीच्या पाटीवर उरतं. "बघू," ती म्हणाली, आणि बाईंनी तिला आणखी एक फोड वाढली.

त्याच संध्याकाळी हरिदासभाऊचा फोन आला. हरिदास हा मोठ्याईच्या दिराचा मुलगा. चिमुरात त्याचं मंडप-डेकोरेशनचं दुकान, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. "बाई, मोठ्या मायचं घर खाली करा लागते. सोमवारी भाडेकरू येऊन राह्यला. फॉरेस्टातला गार्ड हाय, लेकराबाळाचा माणूस. मीच केलं असतं, पण बाईमाणसाचं सामान, मी कसा हात लावू? तू ये. तुले पायजे ते घेऊन जाय, बाकीचं पाहू." घर त्याच्याच वडिलांच्या नावावरचं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं रास्तच होतं. रंजीतानं चार दिवसांची रजा टाकली. "रविवारपर्यंत होईन का?" त्यानं विचारलं. "दोन दिवसांत होईल," ती म्हणाली. टाकून देण्याच्या बाबतीत तिच्या हाताला यश होतं. मनीषनगरातल्या तिच्या फ्लॅटमध्ये दोन खुर्च्या होत्या, तीन ताटं होती आणि चार वाट्या. चौथी वाटी कुणासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण उमरेड मागं पडलं, भिसी आली, रस्त्याकडेच्या मोहांखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया दिसायला लागल्या. आपण आपल्याच हातानं आपलं गाव झाडून पुसून साफ करायला निघालो आहोत, सोमवारी त्या दाराला दुसऱ्याचं कुलूप लागलं की इकडं आपल्याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही, असं तिला वाटलं. तिनं पाण्याची बाटली काढली आणि तहान नसताना पाणी प्याली.

मोठ्याईनं आयुष्यात एकच गोष्ट टाकून दिली होती, ती म्हणजे तंबाखू, आणि तीही डॉक्टरनं दम भरला म्हणून. बाकी सगळं त्या दोन खोल्यांत जिथल्या तिथं होतं. बिनझाकणाचे डबे एका कोपऱ्यात आणि बिनडब्यांची झाकणं दुसऱ्या, मध्ये भांडण झाल्यासारखं अंतर. एक बंद पडलेला जुना कूलर, त्याच्या पोटात कांदे. फाटक्या सुपात दुसरं फाटकं सूप. अकरा वर्षांची कॅलेंडरं एकाच खिळ्याला, एकावर एक. खिळा तरी कसा तग धरून होता कोण जाणे. रंजीतानं ओढणी कमरेला खोचली, खिडकी उघडली, सात वेळा शिंकली आणि कामाला लागली. नवल म्हणजे तिला मजा यायला लागली. दर वस्तूगणिक ती मोठ्यानं विचारायची, "हे कशाला गं ठेवलंस?" आणि मोठ्याईच्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायची, "राहू दे, लागते कधी." गळक्या बादलीला ती विचारून झाली, दांडा मोडलेल्या झाऱ्याला विचारून झाली, आणि एका डब्यात नुसतेच दोरीचे तुकडे निघाले तेव्हा ती एकटी खदखदा हसली. तीन आठवड्यांनी मोठ्याईशी पहिल्यांदाच तिचं असं मोकळं बोलणं होत होतं. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर रिकामं झालं. कागदपत्रं, जुनी बिलं, पत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं पोत्यात भरून तिनं दाराशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं पलंगाखालची पहिली पेटी ओढली, आणि खरा पसारा तिथून सुरू झाला. पेटीत आहेर होते. तिच्यामागच्या पेटीतही आहेर होते. धान्याच्या कोठीमागं, माळ्यावर, उशांच्या खोळीत, जिथं हात घालावा तिथं आहेर. घडी न मोडलेल्या साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या, दुपट्टे, कपबशांचे खोके, स्टीलचे लहान-मोठे गंज, म्हणजे पातेली. प्रत्येकाला एक चिंधी बांधलेली: कुणाला लाल काठाची, कुणाला निळी, कुणाला हिरव्या ठिपक्यांची, आणि निम्म्यांहून जास्त गाठोड्यांना पिवळी. आता लग्नात आलेला आहेर कुणी वापरायला थोडाच घेतं? तो पुढच्या लग्नात द्यायचा असतो. एखादी साडी भिसीहून निघते, शंकरपूरच्या मांडवात जाते, तिथून नेरी, नेरीहून जांभूळघाट. पाच-सात नवऱ्यांना हळद लागते तरी तिची घडी मोडत नाही. तिला नियम असतो एकच. ज्या घरून आली त्या घरी ती उलट जाता कामा नये. गेली तर त्या दोन घरांत वर्षभर चहासुद्धा होत नाही.

लहानपणी रंजीता मे महिन्यात इथं यायची ती मोठ्याईच्या मनगटाला धरून लग्नं खायला. मोठ्याईचा हात खरखरीत होता आणि पकड अशी की सोडल्यावर मनगटावर चार बोटं उमटलेली असायची. पंगतीत मांडी घालून बसायचं, वांग्याची लाल तर्रीची भाजी, भात, वरून बुंदी. आणि परतीच्या वाटेवर मोठ्याई खरंखुरं कोण रडलं आणि फुकटचं कोण रडलं याची उजळणी करायची, नक्कल करून दाखवायची, आणि रंजीताला हसता हसता ठेच लागायची. अशी कितीतरी वर्षं गेली. मग ती पंचवीसची असताना खडसंगीच्या एका मांडवात लागोपाठ तीन बायांनी तिला विचारलं, "तुह्यं कधी हाय वं?" तिसरीच्या वेळी तिचा घास पत्रावळीवरच राहिला. परतताना ती मोठ्याईला म्हणाली, "मी आता कुणाच्याच लग्नाला येणार नाही." मोठ्याई रागावेल, समजावेल, निदान एखादी कोपरखळी मारेल अशी तिची अपेक्षा होती. मोठ्याई नुसती "बरं" म्हणाली, आणि खरंच पुन्हा कधी म्हणून तिनं चल म्हटलं नाही. त्यानंतर रंजीता उन्हाळ्यात यायची ती दोन दिवस. सकाळच्या गाडीनं यायची, कूलरपुढं बसायची, मोठ्याईशी गप्पा मारायची आणि गल्लीत पाऊल न टाकता परत जायची. त्याची भरपाई म्हणा किंवा माया म्हणा, दर दिवाळीला ती सीताबर्डीवरून चांगली निवडून साडी पाठवायची, एखाद्या वर्षी दोनसुद्धा. मोठ्याई फोनवर सांगायची, "लय मस्त हाय." तिच्या अंगावर मात्र त्यातली एकही कधी दिसली नाही. "नेसत का नाहीस?" म्हटलं की, "ठेवली हाय," एवढंच.

आहेरांचं काय करायचं ते नंतर बघू, आधी नीट लावू, असं रंजीतानं ठरवलं. तिनं एकूण एक चिंधी सोडली. कोरी कापडं आणि त्यांना या कळकट चिंध्या, मोठ्याईची कमालच! साड्या एकीकडं, ब्लाउजपीस दुसरीकडं, टॉवेल-टोप्या खिडकीखाली. साड्यांतही फिक्या रंगाकडून गडद रंगाकडं अशी सुरेख उतरती रांग. चिंध्यांचं बोचकं आणि कालचं कागदांचं पोतं तिनं नऊच्या घंटागाडीत चढवलं, दाराशी उभं राहून एकदा आतली ती रांग बघितली, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

दहाच्या सुमाराला सोमारीबाई चहा घेऊन आल्या. मोठ्याईच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वय साठीच्या पुढं, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, आणि त्याचा गोडसर उग्र वास त्यांच्या पदरालाही. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"काय करून राह्यली वं रंजीता?"

"बघा ना, कसं लावलंय सगळं."

सोमारीबाईंनी ती रांग डावीकडून उजवीकडं बघितली, मग उजवीकडून डावीकडं. चहा जमिनीवर ठेवला. "चिंध्या कुठी हायेत?"

"त्या होय? टाकल्या. घंटागाडीत गेल्या."

"मायबाई!" सोमारीबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. मोठ्याईला गावात सगळ्या चंदाबाई म्हणायच्या. "अवं, चंदाबाईले लिवता कुठी येये? थे चिंधीवर ध्यान ठेवे. लाल काठाची चिंधी म्हंजे शंकरपूरवाले. निळी म्हंजे नेरी. हिरव्या ठिपक्याची सीताच्या घरची. जिकडची चिंधी तिकडं आहेर जाऊ देये नाई. तीस वर्सं झाली, एकडाव चुकली नाई थे बाई. आन तू एका सकाळी सारं..." त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या रडताहेत असं वाटून रंजीता घाबरली. पण पदराआड खांदे हलत होते ते वेगळ्याच कारणानं. "आता कोनाचं लुगडं कोनाच्या घरी जाईन, देवालेच मालूम!"

रंजीताही हसली असती, पण तोंडाला लावलेला तो पदर तिला दिसला. जांभळा, बारीक चौकड्यांचा, काठाला राखाडी रेघ. असली साडी चिमुरात मिळत नाही. ती सीताबर्डीवरच्या एका दुकानात मिळते, आणि तीसुद्धा अर्धा तास दुकानदाराचं डोकं खाल्ल्यावर. रंजीतानं ते चार वर्षांपूर्वी स्वतः खाल्लं होतं. "साडी छान आहे तुमची," ती शक्य तितक्या सहजपणे म्हणाली. "हे होय?" सोमारीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या लेकाच्या लग्नातली. आहेरात आल्ती." आणि दूध उतू जाईल म्हणून त्या लगबगीनं गेल्या.

त्या गेल्यावर रंजीतानं सगळी रांग पुन्हा उपसली. बावीस वर्षांच्या साड्या, एकेकीचं दुकान आणि एकेकीचा पाऊणतास तिला आठवत होता. मोरपंखी, करड्या काठाची, ती हातमागाची, जी घेताना महिनाअखेर होती तरी घेतली होती. त्या ढिगात एकही नव्हती. तिला वाईट वाटलं. मोडक्या झाऱ्याला या घरात जागा होती, दोरीच्या तुकड्यांना डबा होता, आणि तिनं पाठवलेलं तेवढं मांडवामांडवांतून वाटून टाकलं होतं. "आणि बिनझाकणाचे डबे बरे सांभाळलेस गं!" ती मोठ्यानं म्हणाली. यावेळी मोठ्याईच्या आवाजात उत्तर सुचलं नाही. चहा गार झाला होता. कालपासून आपण जिच्याशी हसत बोलत होतो ती बाई आपल्याला नीट माहीत तरी होती का, असं तिच्या मनात आलं. दोन दिवसांची पाहुणी आली, कूलरपुढं बसली आणि गेली, तिनं पाठवलेली साडी कुणी उराशी कशाला धरावी? हा विचार खरा वाटायला लागला तशी ती उठली आणि माळा झाडायला चढली, कारण माळ्यावर धूळ होती आणि धुळीत डोळ्यांतून पाणी आलं तर त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

उपाय सोमारीबाईंनीच काढला. शनिवारी सगळा आहेर अंगणात मांडायचा, ओळखीच्या बायांना बोलवायचं, ज्याला जे वाटेल त्यानं ते न्यावं. "मेल्या माणसाचं सामान होय, त्याले कोन नावं ठेवते?" त्या म्हणाल्या, पण त्यांच्याही चेहऱ्यावर खात्री दिसत नव्हती. सात-आठ बाया आल्या. मागच्या गल्लीतली सीता, कडक इस्त्रीच्या बोलण्याची. तिची शेजारीण मंगली. आणि नेरीची ज्योत्स्ना, मोठ्याईच्या सासरकडून लांबच्या नात्यातली, जी मुलीच्या लग्नाची शेवटची खरेदी करायला चिमूरला आली होती आणि बोलावणं ऐकून पिशव्यांसकट इकडंच आली. सगळ्या सतरंजीवर अंग चोरून बसल्या. सगळ्यांच्या नजरा ढिगावरून फिरत होत्या, आणि एकीचाही हात पुढं होईना. रंजीताला परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून फिरायची सवय होती, पण आज प्रश्नपत्रिका तिच्याच हातात आल्यासारखी तिची गत झाली होती. कुणीतरी सुरुवात करायला हवी म्हणून तिनं वरची एक पोपटी साडी उचलली आणि सीताच्या मांडीवर ठेवली.

सीतानं घडीचा एक कोपरा उलटला. तिथं हळदीचा एक जुना डाग होता. तिनं तो अंगठ्यानं चोळून बघितला. "हे तं माहीच होय," ती म्हणाली. "सात वर्सं झाली, मीच देल्ती चंदाबाईले."

सोमारीबाईंनी डोळे मिटले. मोठ्याई तीस वर्षांत एकदा चुकली नाही आणि आपण पहिल्याच खेपेला तिची अब्रू घालवली, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रंजीताला झालं. तेवढ्यात मंगली शांतपणे म्हणाली, "तुही कशी होईन वं सीता? हे साडी तं मी देल्ती तुले, तू घर बांधलं तवा."

सीताचं तोंड उघडं राहिलं. मंगलीच्या पलीकडून आवाज आला, "आन मंगली, तुले कोनं देल्ती थे सांग ना. माह्या सासूनं देल्ती तुह्या नंदेच्या लग्नात!" "मंग तुह्या सासूले मी देल्ती," सोमारीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. मग पहिलं हसू कुणाचं फुटलं ते कळलं नाही, पण ते फुटलं आणि सतरंजीभर पसरलं. मंगली सीताच्या पाठीवर थापा मारत होती, सीता पोपटी साडीत तोंड खुपसून हसत होती, ज्योत्स्नाच्या पिशवीतली हळकुंडं अंगणभर सांडली होती. तीस वर्षं ज्या गोष्टीबद्दल सगळ्यांनी सभ्यपणे तोंड मिटून ठेवलं होतं, ती अशी भर दुपारी अंगणात उघडी पडली, आणि सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. मग काय, एकेक साडी वर धरायची आणि तिचा मागोवा घ्यायचा असा खेळच सुरू झाला. एक स्टीलचा गंज चार घरं फिरून त्याच अंगणात दोनदा आला होता असं निघालं. एक टॉवेल कुणीच ओळखेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून तो हरिदासला द्यायचा ठरवलं, कारण त्याला कळणार नाही.

त्या हसण्याच्या भरात रंजीताला धीर आला. दोन दिवस घशात अडकलेलं तिनं हसत हसत विचारून टाकलं, "आणि मी पाठवलेल्या साड्या कुणाकुणाकडं गेल्या हो?"

"पाठवलेल्या कायच्या?" सीता डोळे पुसत म्हणाली. "आहेर होय ना थो तुहा."

"माझा?"

"तुहा नाई तं कोनाचा? माह्या पोरीच्या लग्नात तुही मोरपंखी आल्ती. अजून सनावाराले नेसते थे."

"माह्या घरी करड्या काठाची," मंगली म्हणाली.

"आमच्या देराच्या लग्नात हातमागाची आल्ती," ज्योत्स्ना म्हणाली. "माह्या सासूनं साऱ्या नेरीले दाखवली. नागपूरवाल्या रंजीतानं केली म्हने."

रंजीतानं सोमारीबाईंकडं बघितलं. सोमारीबाई जांभळ्या पदराशी चाळा करत होत्या. "तुले मालूम नोहतं का वं?" त्या हळूच म्हणाल्या. "चंदाबाई कोनत्याबी लग्नात दोन आहेर आने. हे माह्यं, म्हने, आन हे रंजीताचं. मी एकडाव म्हनलं, बाई, पोरगी येत नाई, तिले काय पडलं? तं म्हने, पोरीचं येनं होत नाई, नाव तं येत राहू दे." मग काहीतरी आठवून त्यांनी कपाळाला हात लावला. "आन थ्या पिवळ्या चिंध्या तुह्याच होत्या ना! लोकायनं तुह्या नावानं परत केलेला आहेर. त्याले थे आपल्यात मिसळू देये नाई. तिचं तिच्याच नावानं पुढं जाईन, म्हने."

निम्म्यांहून जास्त गाठोड्यांना पिवळी चिंधी होती. रंजीतानं त्या आपल्या हातांनी सोडल्या होत्या. ती सतरंजीच्या कडेला बसली. बावीस वर्षांच्या मे महिन्यांतल्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या: मनीषनगरातला फ्लॅट, खाली ओढलेले पडदे, पुढ्यात दहीभात, कुणी लग्नाला बोलावत नाही याचं समाधान आणि कुणी बोलावत नाही याचाच सल. आणि त्याच दुपारी इकडं भिसी, नेरी, शंकरपूर, जांभूळघाट, कुठंकुठं ती मांडवात हजर होती, नवरीच्या ओटीत साडी घालत होती, मानपान घेत होती. तिचं तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं. मोठ्याईनं त्या दिवशी नुसतं "बरं" म्हटलं होतं. त्या "बरं"चा अर्थ हा होता. रंजीताला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं तिला पुन्हा शिंका सुरू झाल्या. मंगलीनं पाणी आणून दिलं. "रडू नोको वं," सीता म्हणाली, "तुह्यावर अजून आमचे लय आहेर बाकी हायेत," आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

ज्योत्स्नानं हळकुंडं गोळा करता करता विचारलं, "उद्या येशीन ना मंग? माह्या चंचलचं लगन हाय. पत्रिका देल्ती ना मी चंदाबाईच्या हातात, तिची एक, तुही एक. भेटली नाई का?" रंजीताला पहिल्या दिवशीचं कागदांचं पोतं आठवलं. त्यात हळदीची बोटं लावलेल्या दोन पत्रिका तिनं आपल्या हातानं कोंबल्या होत्या, वरचं नावसुद्धा न वाचता. "भेटली," ती म्हणाली. उद्या दहाच्या गाडीचं तिचं तिकीट होतं, ते तिच्या मनातून तिथंच उतरलं. आता आहेर निवडायचा होता, आणि चिंध्या तर घंटागाडीनं नेलेल्या. मग सगळ्या बायांनी ती जबाबदारी घेतली. ज्योत्स्नाला पाठ करून बसवलं आणि एकेक साडी हवेत धरून खुणांनीच ठरवायला सुरुवात केली. ही नको, ही हिचीच. ही नको, ही हिच्या जावेची. ज्योत्स्ना पाठमोरी बसून मोठमोठ्यानं सांगत होती की मला काही ऐकू येत नाही. शेवटी डाळिंबी रंगाची एक साडी निघाली, नेरीच्या वाऱ्यालाही न गेलेली, असं सगळ्यांचं एकमत झालं.

संध्याकाळपर्यंत घर खरोखर रिकामं झालं. साड्या गेल्या, गंज गेले, बिनझाकणाचे डबेसुद्धा कुणीतरी नेले. हरिदासभाऊ किल्ली घ्यायला आला, दोन्ही खोल्यांत एकदा फिरला आणि आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून दचकला. आता वाईट वाटेल म्हणून रंजीता उंबऱ्यात वाट बघत उभी राहिली. पण तिला भूक लागली होती, आणि सोमारीबाईंकडून लाखोळीच्या डाळीला फोडणी दिल्याचा वास येत होता.

रविवारी नेरीत साडेअकराचा मुहूर्त होता. रंजीता सोमारीबाईंना धरून मांडवात शिरली आणि बायकांच्या बाजूला, खांबाच्या आडोशाला बसली. तिला अजूनही त्या प्रश्नाची धास्ती होती. दोन बाया तिच्याकडं बघत जवळ सरकल्या. पण त्यातल्या एकीला नागपुरात गुडघ्याचा चांगला डॉक्टर कोण ते हवं होतं आणि दुसरीला फक्त तिच्या बाजूचा कूलरचा वारा. अक्षता पडल्या, बँड वाजला, पंगती बसायला लागल्या, आणि स्टेजच्या कोपऱ्यात हरिदासभाऊनं माइक हातात घेतला. दुकान त्याचं, माइक त्याचा आणि आवाज तर त्याचाच, तेव्हा या भागातल्या लग्नांत आहेर पुकारायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडंच होतं. ओळीनं नावं चालली होती. शंकरपूरवाल्यांकडून वरास टॉवेल-टोपी. मामांकडून वधूस पैठणी. बुंदी वाढणारे इकडून तिकडं धावत होते. मग सोमारीबाईंनी पुढं नेऊन ठेवलेली डाळिंबी साडी हरिदासच्या हातात आली, आणि तो चिठ्ठीकडं न बघताच, पाठ असल्यासारखा म्हणाला,

"नागपूरवरून रंजीताबाई. कामामुळं येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या वतीनं श्रीमती चंदाबाई..."

तिथं तो थांबला. माइक नुसता खरखरत राहिला. वाढपी होते तिथं उभे राहिले. पंगतीतल्या म्हाताऱ्या बायांनी पत्रावळीवरून हात उचलले. हरिदासनं घसा साफ केला, पण आवाज काही फुटेना. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, आणि सबंध मांडवावरून नजर फिरवत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला,

"दुरुस्ती. रंजीताबाई. स्वतः हजर."

रंजीताचा हात आपोआप वर गेला, शाळेत हजेरीला जायचा तसा, आणि इतकी वर्षं मांडवामांडवांतून जिचं नुसतं नाव ऐकलं होतं ती बाई बघायला सगळा मांडव मागं वळला.